सातव्या घरातलं प्यादं

(जपान. मार्चच्या मोठ्या भूकंपानंतरचा हिवाळा. मुलांची बुद्धिबळ स्पर्धा आटोपून त्सुकुबाहून इचिकावाला परतणारी गाडी. रुचा, तिचे वडील विनय आणि पुण्याहून आलेले आजोबा, बाळासाहेब.)

विनय : जिंकत होतीस, आणि तूच बरोबरी मागितलीस? का?

रुचा : बाबा, प्लीज.

विनय : अर्ध्या पॉइंटनं टीममधली जागा गेली, रुचा!

बाळासाहेब : हळू रे, अख्खा डबा गप्प बसलाय. बाळ, डाव चालू असताना भूकंपाचा हादरा बसला तसं आम्हाला हॉलबाहेर काढलं. आत काय झालं? पहिल्यापासून सांग. आख्यान मधूनच ऐकायची सवय नाही मला.

रुचा : अं... आम्ही टेबलाखाली गेलो. वर आलो तर सगळ्या सोंगट्या पडलेल्या.

विनय : लिहिलेल्या चाली होत्या ना?

रुचा : रॅपिडला, झटपट डावात, चाली लिहीत नाहीत, बाबा. पंच म्हणाले, दोघं आठवून मांडा. मी माझं प्यादं सहाव्या घरात ठेवलं. समोर खेळणाऱ्या ताकुमीकुननं पाहिलं आणि एक घर पुढे सरकवलं. म्हणाला, इथे होतं.

विनय : सातव्यात! म्हणजे पुढच्या चालीला आठव्यात जाऊन वजीर!

रुचा : हो. सहाव्यात राहिलं असतं, तर तोच जिंकला असता. त्याला दिसत होतं ते.

बाळासाहेब : पांडुरंगा! केवढं आहे हे पोर?

रुचा : माझ्याएवढंच. मार्चमध्ये त्सुनामीत त्याचं घर समुद्रात गेलं. आता मामाकडे राहतो.

बाळासाहेब : सगळं वाहून गेलं, आणि दुसऱ्याचं एक घर विसरला नाही.

विनय : मान्य, मुलगा ग्रेट आहे. पण टेक्निकली प्यादं तुझंच होतं ना?

रुचा : बरोबरी मागितली तेव्हा तोही तेच म्हणाला. रागावलाच. म्हणाला, दया नको.

विनय : मग?

रुचा : मी म्हटलं, दया नाही. मी विसरले, तू आठवलंस. हा वजीर अर्धा तुझा.

बाळासाहेब : ऐकलंस, विनय? जन्मभर कीर्तनाला पुढे जाऊन बसलो. आज पूर्वरंग त्या पोरानं केला आणि उत्तररंग आपल्या रुचानं, अन् आपण दोघं मंडपाबाहेर!

विनय : ...सिलेक्शन काय, पुढच्या वर्षीही आहे. त्याला सरावाला कुणी आहे का गं? रविवारी घरी बोलाव.

रुचा : बोलावलंय. त्यानं आधी विचारलं, घर कितव्या मजल्यावर आहे. नवव्या म्हटल्यावर म्हणाला, येतो.