झेंडू दुसऱ्या वळणावर

"हॅलो? … हॅलो, आई? … हो हो, मीच. येतोय ना आवाज? … थांबा, थांबा, गॅलरीत येते. … हं, आता?"

नूपुरनं मांडीवरची भेंडीची परात खाली ठेवली आणि गॅलरीतल्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली. शुक्रवार होता. शुक्रवारी नमाजाच्या आधी सौदीतलं हे यान्बू असं निपचित पडलेलं असतं, की चौकातला सिग्नल कुणासाठी रंग बदलतोय असं वाटावं. आदित्य दुरुस्तीसाठीच्या शटडाऊनच्या ड्युटीवर रिफायनरीत गेला होता. समुद्राकडून कोमट, खारट वारा येत होता आणि फोनमध्ये नाशिकहून सासूबाई बोलत होत्या.

"जेवलात का? … कधीच? … बरं, बरं, नाही विचारत. सांगते. अहो आई, जरा श्वास तर घेऊ द्या!"

सुनीताबाईंना जेवणाखाण्याच्या गप्पांत रस नव्हता. त्यांना शर्यत ऐकायची होती.

हे वेड लागलं त्याला वर्ष होत आलं होतं. सासरे गेल्यावर आदित्यनं आईला व्हिजिट व्हिसावर इथं आणलं, तेव्हा त्या बोलेनाशाच झाल्या होत्या. विचारलं तर हो नाही, एवढंच. गाण्याच्या शिकवण्या घेणारी बाई, पण तोंडातून सूर नाही. मग एका शनिवारी, घरात बसून करायचं काय म्हणून, नूपुर त्यांना गावाबाहेरच्या ट्रॅकवर घेऊन गेली. पूर्वी तिथं ट्रक उभे राहायचे. आता डांबराचा लांबट गोल केलाय आणि त्यावर जुन्या घरगुती गाड्या पळतात. आतल्या सीटा काढलेल्या, काचा काढलेल्या, आत लोखंडी पिंजरा आणि बाहेर ठळक रंग. सुनीताबाई पहिल्या फेरीला कानांवर हात ठेवून बसल्या. तिसऱ्या फेरीला उभ्या राहिल्या. घरी आल्यावर वरणभात कालवता कालवता आपणहून म्हणाल्या, "त्या पोपटाला मागे का टाकलं गं सगळ्यांनी?"

हिरवी गाडी तेव्हापासून पोपट झाली. पांढरी झाली बगळा. आणि बायकांची वेगळी शर्यत सुरू झाली तेव्हा "तू का नाही उतरत?" असं विचारणाऱ्याही त्याच. नूपुरची गाडी नारिंगी. म्हणून झेंडू.

"हं, तर मागचा शनिवार. … हो, पोपट आला होता. … नाही हो, कुठला पहिला! सुरुवातच चुकली त्याची. हिरवा झेंडा पडला आणि हा आपला जागेवरच. … हो ना, अगदी! नवरदेवासारखा. … आणि बगळा सुटला पुढे. काय सुंदर चालवली म्हणून सांगू! वळणावर अशी अलगद आत शिरली, जशी काही रस्त्यानंच तिला हात धरून नेलं. … कोण? मैमुना? … मोरपंखी, हो. ती बगळ्याच्या शेपटीलाच चिकटलेली. तुम्हाला आवाज पाठवला होता ना त्यांचा? … ऐकलात? … काळी दोन?" नूपुर हसली. "मैमुनाला सांगते हं, माझ्या सासूबाई म्हणतात तुझं इंजिन काळी दोनच्या सुरात गातं. ती खार्तूमची, तिला काय कळणार! … शेवटी मैमुनाच. बगळा दुसरा. पोपट तिसरा आला, काय नशीब बघा. आणि असं संपलं. आता उद्याचं सांगू? … संपलंच की. … काय राहिलं?"

खाली रस्त्यावरून इस्त्रीचे पांढरे शुभ्र पायघोळ तोब घातलेले बापलेक मशिदीकडे निघाले होते. नूपुर त्यांच्याकडे बघत राहिली.

"उद्या ना, उद्या मजा आहे. ऐका ना. मैमुना सगळ्यात पुढून निघणार, तिच्या शेजारी बगळा. पण बगळ्यानं टायर बदललेत, सुरुवातीला तिला जपून जावं लागेल. पोपट मागे, पण पोपटाला राग आलाय आता, आणि ती रागावली की बरी चालवते. … जेद्दाहून एक नवीन येतेय, तिथल्या अझीझिया भागातली, निळी गाडी. कुणी पाहिलेलं नाही तिला. … नाव ठेवा ना तुम्हीच. … खंड्या? छान आहे. खंड्या. … वारा असणार उद्या, वाळू येईल ट्रॅकवर, म्हणजे आतली बाजू निसरडी. मला विचाराल तर मैमुनाच. … आणि काय? … नाही, एवढ्याच."

मग सुनीताबाईंनी एकच शब्द विचारला असावा, कारण नूपुर खुर्चीत सरळ बसली.

"झेंडू ना … झेंडू आहे की. गॅरेजमध्ये आहे. … म्हणजे, होईल दुरुस्त. … आदित्यनं सांगितलं? काय सांगितलं? … फक्त 'गाडी फिरली' एवढंच? … हो, फिरली. फिरतात गाड्या. … नाही, लागलं काही नाही. देवाशपथ. … खांदा थोडासा, पट्ट्यानं. … अहो आई, तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही असं नाही …"

मुद्दामच सांगितलं नव्हतं. आदित्यलाही पुरतं सांगितलं नव्हतं.

"सांगू? … खरंच सांगू? … दुसऱ्या वळणावर. मैमुना बाहेरून गेली, आत थोडी जागा दिसली, मी घातली. तिथं वाळू होती. मग ना आई … आवाजच बंद झाला. हो, सगळा. समुद्राची निळी रेघ गेली, रिफायनरीच्या चिमण्या गेल्या, डोंगर गेला, परत समुद्र. पाळण्यात बसल्यासारखं. भीती बिती काही नाही. मला वाटलं, किती छान, असंच राहू दे. … आणि मग थांबली. थांबली ती उलटं तोंड करून. आणि सगळ्या गाड्या समोरून, माझ्याकडे …"

चुलीवर ठेवलेलं काहीतरी आठवावं तशी ती एकदम उठली आणि कठड्याला टेकून उभी राहिली.

"… नाही. कुणी नाही धडकलं. दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. पोपट आरशाला घासून गेला, दाराचा पत्रा चेपला, तेवढंच. पण मी त्यांची तोंडं पाहिली, आई. हेल्मेटमधून डोळे दिसतात. … हो. … तेव्हापासून नाही बसले. गाडीत म्हणजे कुठल्याच. काल भाजीला चालत गेले. आदित्यला म्हटलं, व्यायाम. … गॅरेजचे गफूरभाई म्हणतात, 'ताई, पत्रा काय, ठोकला की सरळ.' गाडी तयार आहे हो त्यांच्याकडून. श्रीवर्धनचा माणूस, रात्र काढली असेल त्यांनी तिच्याखाली. मीच म्हटलं, उद्या दुसरं कुणी चालवत असेल तर द्या. खलास. … नाही, रडत नाहीये. वारा आहे."

आता सासूबाई धीर देतील, निदान "नको बाई तो जिवाशी खेळ" असं म्हणतील, याची ती वाट पाहत होती. तसं म्हणाल्या असत्या तर फार बरं झालं असतं. सगळं तिथंच मिटलं असतं.

"… कोण आलं होतं? … गिऱ्हाईक? कसलं गिऱ्हाईक? … बाबांची गाडी? सुशीलभावोजींनी परस्पर विकायला काढली? … अहो, तुम्हाला विचारायचं तरी! … मग? … तुम्ही खाली गेलात. बरं. … तुम्ही बसलात. कुठे बसलात? … आई, स्टिअरिंगवर?"

नूपुरनं कपाळावर हात मारला, पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडत होतं.

"… आणि उतरलाच नाहीत? … तो काय म्हणाला? … 'मावशी, किल्ली द्या'? मग? … काच वर केलीत!" ती इतकी मोठ्यानं हसली की शेजारच्या गॅलरीतलं कबूतर उडालं. "गेला बिचारा? … आणि भावोजी? … बोलू दे. रागावू दे. मी बोलते त्यांच्याशी. … पण मला एक सांगा, गाडी ठेवून करणार काय तुम्ही? चालवणार कोण? … कोण शबनम? … ड्रायव्हिंग क्लासवाली? … कधीपासून? … आई!! … आणि आम्हाला एक अक्षर नाही? … 'मुद्दाम सांगितलं नाही असं नाही.' हो का! माझंच वाक्य मला. … कॉलनीतल्या कॉलनीत? रिव्हर्ससुद्धा? … आणि आत्ता कुठे आहात? … अजून गाडीतच? म्हणजे इतका वेळ तुम्ही गाडीत बसून …"

तिच्या डोळ्यांसमोर ते चित्र आलं. नाशिकच्या सोसायटीतलं पार्किंग, सासऱ्यांची पांढरी गाडी, आणि सुती साडीचा पदर खोचून स्टिअरिंगपाशी बसलेली ही बाई, कानाला फोन लावून. बाबा असताना त्या नेहमी मागच्या सीटवर बसायच्या. पुढं बाबा आणि शेजारी त्यांची ऑफिसची बॅग.

"… काय? … आत्ता? … नको ना आई. … नाही, जमणार नाही असं नाही, पण … बरं. डोळे मिटलेत? … गाडी बंद आहे ना? नक्की? … हं."

नूपुरनंही डोळे मिटले. सासूबाईंना एक फेरी हवी होती. फक्त एक, झेंडूत बसून, अगदी पहिल्यापासून.

"पट्टे आवळलेत. गफूरभाईंनी छपरावर थाप मारली. 'यल्ला, ताई, चला.' … समोर सगळं नारिंगी. ऊन उतरलंय. मैमुनाच्या मागच्या काचेच्या जागी नुसतं आकाश दिसतं. … झेंडा. हं, सुटलो. पहिल्यांदा सगळं थरथरतं, दात, हाडं, नखंसुद्धा. तिसरा गिअर पडला की मग शांत. तुमचा तंबोरा लागला की होतं ना, तसं. आवाज आत असतो, बाहेर नसतो. … पहिलं वळण डावीकडे. ब्रेक नाही, नुसता पाय उचलायचा. गाडी आपलं अंग टाकते बाहेर, टाकू द्यायचं. भिंत जवळ येते, येते, आणि मग आपोआप दूर जाते. … समुद्र. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात नुसता. बघायचं नाही, पण तो असतो. … आता सरळ. हा तुकडा मला फार आवडतो. इथं कुणीच नसतं. सुशीलभावोजी नाहीत, शटडाऊन नाही, भेंडी नाही. चिमण्यांवरच्या ज्वाळा दिसतात, दिवसा फिकट असतात, कुणीतरी विझवायला विसरल्यासारख्या. … आणि मग … मग दुसरं …"

ती थांबली. मशिदीतून खुत्बा, शुक्रवारचं प्रवचन, सुरू झालं होतं, लांबून, पाण्याखालून आल्यासारखं.

"… इथं वाळू आहे, आई. … हो, दिसतेय. … आत जागा पण आहे. … नाही, मोठी नाहीये. तेव्हा मोठी वाटली होती. … पुढं? … पुढं काय, मी … थांबा. सांगते. पाय उचलते मी. थोडा आधी. मैमुनाला जाऊ दे. बाहेरून जाते, भिंतीकडून, तिथं डांबर काळं आहे. … हो, भीती वाटतेय. … हात? घट्ट धरलेत. … सैल? … हं. सैल केले. … वळतेय. वळतेय अजून. … वळलं."

दोघी जणी, एक लाल समुद्राच्या काठावर आणि एक गोदावरीच्या गावात, त्या वळणातून बाहेर पडलेल्या लांब सरळ रस्त्यावर तशाच चालत राहिल्या. नूपुरच्या खांद्यातली आठवडाभराची कळ थांबली नव्हती, पण ती आता नुसती खांद्यात होती.

"… हो. … हो, उतरते उद्या. जिंकणार बिंकणार नाही हं. शेवटची येईन. … आदित्यला आज सांगते सगळं. चिडेल. … चिडू दे, हो. … आणि गफूरभाईंना लगेच फोन करते, नाहीतर ते गाडी देऊन टाकतील कुणाला तरी. … काय? … कोण आलं? … शबनम? नमस्कार सांगा माझा. … आज मेन रोडला? पहिल्यांदाच? आई, दुपारची वेळ आहे, ट्रॅफिक … बरं, बरं, नाही घाबरवत. … आरसा नीट लावा. मागचं दिसतंय? … चपला काढून ठेवा, त्यांची पट्टी अडकते. … हं, किल्ली."

इंजिन एकदा खोकललं आणि बंद पडलं. मग पुन्हा. मग लागलं, आणि फोनमधून ती जुनी गुरगुर नूपुरच्या कानात शिरली. सासूबाई काहीतरी विचारत होत्या. त्यांचा असा आवाज तिनं यापूर्वी कधी ऐकला नव्हता. लहान मुलीसारखा होता.

"… स्पीकरवर ठेवता? मी बोलत राहू? … मेन रोड पार होईपर्यंत? …"

तिच्या ओठांवर 'हो' आलं होतं. ती कितीही वेळ बोलत राहिली असती.

"नाही, आई. … ऐका ना. नाही. मी नाही थांबणार फोनवर. … रागावले नाही हो, कशाला रागावेन! शेजारी शबनम आहे ना. तिचं ऐका. आणि ती गप्प असेल तेव्हा गाडीचं ऐका, तुम्हाला कळतं ते. … मी कानात असले तर तुम्ही माझंच ऐकाल. … हो. … हो, तुम्हाला येतं. … मी ठेवते हं. दोन्ही हात स्टिअरिंगवर. … नाही, तुम्ही नका ठेवू, हात नका काढू. मीच ठेवते."

आणि तिनं फोन ठेवला.