केकबुवाचा गळा

नाकातून आत, तोंडातून बाहेर! अहो, केक कापायचाय की बाळंतपण करायचंय? तुम्हाला सांगतो, आमच्या आस्ताला सातवं लागलं. वर्षभर वर्गात प्रत्येकाच्या वाढदिवसाला ही पोर घसा फोडून किंचाळली, का? तर एक दिवस केकबुवाचा, म्हणजे माणसाच्या आकाराच्या केकचा, गळा ती कापणार आणि सगळे तिच्यासाठी किंचाळणार! आख्खा डेन्मार्क असाच केक कापतो. माझ्या आजोबांनी कापला, मी कापला, कुणी खुनी निघालं का?

मी कौलं घालणारा माणूस, तरी पहाटे उठून बुवा भाजला. ज्येष्ठमधाच्या काळ्या दोऱ्यांचे केस, गोळ्यांची बटणं, पोटावर झेंडा! आरहूसच्या त्या वाऱ्यात सायकलवरून नेला, पाय मोडू दिला नाही. तर वर्गाच्या लिस्बेटबाई दारातच, मधाळ आवाजात, "मालथे, या महिन्यापासून आपण भावना सांभाळायला शिकतोय हं! किंचाळणं म्हणजे लाल, शांत म्हणजे हिरवं. आज आपण हिरव्यात कापू या. श्वास नाकातून आत, तोंडातून बाहेर."

म्हटलं, "पण बाई, गळा..."

"मालथे, तुझे खांदे बघ कुठं गेलेत!"

गेले होते, कानाशी!

आस्तानं सुरी टेकवली... आणि सगळा वर्ग, फुस्स! एकजात पंक्चर! तो विलाड्स, ज्याच्या वाढदिवसाला माझ्या पोरीचा आवाज बसला होता, तोसुद्धा डोळे मिटून, फुस्स! आस्ताचा हात थांबला. ओठ थरथरला. तर बाई म्हणतात, "या भावनेला आपण नाव देऊ या?" अहो, देताय काय, तिचं नाव लिस्बेट!

आता मी हा असा लाजरा. आठवीत शाळा सोडली तीही दार हळूच लावून. पण पोरीनं माझ्याकडे बघितलं हो... आणि मी असा किंचाळलो, असा किंचाळलो, की खिडकीतली कुंडी हलली! आस्ता खुदकन हसली, सुरी खच्चकन आत, आणि सगळा वर्ग बोंबलला! विलाड्स तर बाकावर!

मग काय? मला शांत कोपऱ्यात बसवलं. बुटकी खुर्ची, गुडघे हनुवटीला, मांडीवर मऊ उशी. "हिरवा झालास की ये," म्हणे! बऱ्याच वेळानं आस्ता थाळी घेऊन आली. थाळीत बुवाचा एक केस.

"बाबा, तू लाल होतास ना, तोवर बुवा संपला. आता श्वास घे, नाकातून आत..."

घेतला. पोरीसमोर काय करणार? तोंडातून बाहेर सोडला... आणि तुम्हाला सांगतो, बरं वाटलं हो! त्याचाच तर संताप येतोय!