वाढणारा जांभळा

पार्सलच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारा रंगारी आणि त्याची मुलगी उभी होती.

"खरं सांग, ते जंतू मेलेत ना?"

"बाबा, तिसऱ्यांदा विचारताय. ते कापडावर रंग सोडतात, मग वाफेत मरतात. रंग तेवढा मागे राहतो."

"जंतू म्हणे रंग देतात. फुकट कोण कुणाला काय देतं?"

"दुकानवाल्यांना जांभळा आवडलाय."

"जंतूंचं सांगितलंस त्यांना?"

"सगळं सांगितलंय."

"मग हे बघ. परवा मी एक तुकडा ओलाच डब्यात घालून ठेवला. तेव्हा डाग नखाएवढा होता, आज तळहाताएवढा झालाय. रंग उतरतो, विटतो. वाढलेला मी तरी पाहिला नाही."

"हा तुकडा कुठला?"

"ह्याच पार्सलातल्या दुपट्यांबरोबर रंगवलेला."

"बाबा, तान्ह्या बाळांची दुपटी आहेत ही. वाफेला कोणी लावली होती?"

"मीच."

"वीस मिनिटं?"

"वीस मिनिटांत रंगाचं वाटोळं झालं असतं. सातव्या मिनिटाला काढली."

"मी कागदावर लिहून दिलं होतं."

"चाळीस वर्षं रंगवतोय मी. तुझ्या कागदावर भरवसा नव्हता माझा."

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "आत पातळ, पेट घेणारं किंवा जिवंत काही नाही ना?"

रंगाऱ्याने पार्सल काखोटीला मारलं.

"आधी ह्यांचं घ्या," तो माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला.