वन्संचं नाक

—अरे पण आधी बस तर खरं! आल्या आल्या असं जमिनीला नाक लावून हिंडतात होय कुणाच्या घरात? त्यापेक्षा मांजर परवडलं, ते निदान उंदीर तरी काढतं. गॅसची शेगडी तपासलीस ना? नळी तपासलीस ना? साबणाचं पाणी लावलंस, आला का एक तरी बुडबुडा? नाही ना! मग झालं तर. आता एवढंच करायचं — बाहेर अंगणात जायचं, तिथे बाकावर एक म्हातारी बसलीय, मांडीवर पिशवी घेऊन, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून — तिला सांगायचं, "आजी, वासबीस काही नाही, तुम्हाला भास होतोय." संपलं. तुझ्या साहेबाला मी तुझ्याबद्दल चांगलं सांगेन हो. साहेब नाही? तूच साहेब? बरं, मग तुझ्या बायकोला सांगेन, तिला तरी जरा आश्चर्य वाटेल.

कोण म्हातारी म्हणून काय विचारतोस, तिनेच तर फोन करून बोलावलं तुला! माझी नणंद. वन्सं. आमच्या ह्यांची थोरली बहीण. हे गेले आणि मागे माझ्यासाठी ठेवून काय गेले, तर ह्या. आता डोळ्यांनी त्यांना दिसत नाही — उजेड कुठला, अंधार कुठला, एवढंच कळतं, बाकी सगळं धुकं — पण नाक! पोलिसांचं कुत्रं त्यांच्याकडे शिकवणीला यावं असं नाक आहे. शेजारणीने साबण बदलला तर ह्यांना इथे बसून कळतं. आणि गेले कित्येक दिवस एकच धोशा — "अगं, गॅसचा वास येतोय." उठलं की वास, बसलं की वास, जेवताना वास. काल मात्र म्हणाल्या, "एकतर हा वास जाईल, नाहीतर मी जाईन." मी म्हटलं, "वासाला पिशवी भरता येत नाही, तुम्हाला येते." — माझी जीभ! दात पडले, केस गेले, पण हिला काही होत नाही. झालं, त्यांनी खरंच भरली पिशवी. दुपारी भाची गाडी घेऊन येतेय न्यायला. आता तूच सांग, त्या गेल्या तर मी खोड्या कुणाच्या काढू? भिंतीच्या? भिंत चिडत नाही रे, तीच तर पंचाईत आहे.

चिडवते म्हणजे काय, अगदी मनापासून चिडवते. त्यांच्या चपला उलटसुलट ठेवायच्या. दुपारी तीनला खिडक्या लावून अंधार करायचा आणि म्हणायचं, "वन्सं, रात्र झाली, झोपा." त्या बिचाऱ्या पांघरूण घेऊन पडायच्या आणि मी तोंडात पदर कोंबून हसायची. शाळेत मी चौथीच्या वर्गात दोन वर्षं काढली, मास्तरांना माझ्याशिवाय करमायचं नाही म्हणून — तेव्हापासूनची सवय आहे ही, आता काय मोडायची? तर सांगत काय होते — हां, वास. मला वाटलं, म्हातारी सूड घेतेय. इतकी वर्षं मी फसवलं, आता ह्या मला फसवतायत. चोराच्या मनात चांदणं! त्यांना वास यायचा आणि मला हसू यायचं. म्हटलं, वा वन्सं, उशिरा का होईना, शिकलात.

चहा घे आधी. थर्मासमधला आहे, मघाशीच केलाय. घे रे, बायकोला नाही सांगत. ... का, तोंड का वाकडं केलंस? दूध? दुधाला काय झालंय? नासलंय? छे, कालचं तर आहे — परवाचं. अरे हो, असेल, उकाडा किती आहे. मी पण प्यायले की मघाशी कपभर. बरा लागला मला. असं टक लावून काय बघतोस माझ्याकडे? म्हातारी माणसं पितात काहीही. ठेव, ठेव तो कप खाली.

आता कुठे निघालास? ए — तिकडे काही नाही! ती कोठीची खोली. अडगळ आहे नुसती. खिडकी? नाही तिला खिडकी, अडगळीला कशाला हवीय खिडकी, तिला काय बाहेर बघायचंय? दाराला चिकटपट्टी ना — मुंग्या, मुंग्या फार झाल्यात. आणि खाली फटीत तो बोळा — तो उंदरांसाठी. नको रे ओढू, माझं जुनं लुगडं आहे ते, एका माणसाच्या अंगावर शोभायचं एके काळी... अगं बाई. वास येतो म्हणतोस? तुलाही? वन्संच्या नाकाची साथ आलीय की काय गावात! मला? येतो की. येतोय मलाही थोडा. मंद असा. गुलाबासारखा—

गुलाबासारखा नसतो का?

बरं, मग कसा असतो? ... सडक्या अंड्यासारखा. असं होय. असू दे.

थांब, दिवा लावते, आत अंधार आहे, बटण इथे दाराशेजारीच — अरे! अरे, हात काय धरतोस! परक्या बाईचा हात धरायला लाज नाही वाटत? आमचे हे गेल्यापासून कुणी धरला नव्हता, आणि तू धरलास तर असा मनगट मोडल्यासारखा — काय? ठिणगी? बटणात ठिणगी असते? दिसत नाही एवढी पण असते? ... बरं. नाही लावत. हात काढला. हा बघ, दोन्ही हात पाठीमागे. मास्तरही असंच उभं करायचे मला.

सांगते. सांगते ना, असं दरडावू नकोस. टाक्या आहेत आत. गॅसच्या. एक आमची. बाकीच्या लोकांच्या. वरचा शिंपी म्हणाला, आजी, माझ्या घरात मशीन ठेवायला जागा नाही, जास्तीची टाकी तुमच्याकडे ठेवू? म्हटलं ठेव. मग नर्सबाई म्हणाल्या, त्याची ठेवलीत मग माझी ठेवा. मग त्या शाळेतल्या बाई. असं करत करत मी म्हणजे टाक्यांची धर्मशाळाच झाले. उभ्या मावेनात, म्हणून दोन आडव्या घातल्या आणि वर गाद्या रचल्या. आडवी घालायची नसते? कुणाला ठाऊक रे, मला वाटलं टाकीलाही कंबर टेकावीशी वाटत असेल. आवडायचं मला, खरं सांगू? टाकी न्यायला आलं की माणूस दोन शब्द बोलतो. शिंप्याला मी मुद्दाम नर्सबाईंची टाकी द्यायची, तो जिना चढून वर जायचा, मग त्या भांडायच्या, तो पुन्हा खाली यायचा. वन्सं आणि मी दारात बसून ऐकायचो. वन्सं हसायच्या तेव्हा, मोठ्याने. फार दिवस झाले त्याला.

बोळा कधी कोंबला? — त्यांनी वास वास केलं तेव्हा. म्हटलं, वास येतो म्हणजे काय, आपण त्याला येऊ देतो म्हणून येतो! मग नाही येऊ द्यायचं. फटीत लुगडं, कडेने पट्टी, आणि गेले त्यांच्यासमोर ऐटीत, "घ्या, केला बंदोबस्त!" माझ्या डोक्यात असा उजेड पडला की मीच खूश. ... कपाळाला हात का लावलास रे? ... खाली बसतो? गॅस? वर नाही जात, जड असतो? पाण्यासारखा जमिनीवर साचत राहतो? म्हणजे — थांब, मला माझ्या भाषेत समजू दे. बादलीला भोक होतं, त्यातून थेंब थेंब बाहेर जात होतं, आणि ह्या शहाणीने ते भोक बुजवलं आणि वरून नळ चालूच ठेवला. असंच ना? वा! दोन वर्षं चौथीत उगाच नाही बसवलं मला.

हो हो, उघडते खिडक्या. सगळ्या. पुढचं दारही उघडं आहे. तू काढ तो बोळा. फाटला तर फाटू दे. ... ऐकलंस? सुस्स करतंय काहीतरी. हे मला ऐकू येत होतं बरं का, मला वाटायचं पाल आहे. कुठली, ती निळ्या दोऱ्याची? नर्सबाईंची, खूण म्हणून दोरा बांधलाय. तिचं टोपण? टोपणं नाहीयेत कुठल्याच टाकीला, मी काढली. त्यांच्याशिवाय काय अडतं, दोरीला बांधलेलं प्लास्टिकचं बोंडूक तर असतं — वाया जाणाऱ्या वस्तू मला बघवत नाहीत. सोंगट्या केल्या त्यांच्या. हसतोस कशाला? अरे, आमचा पटाचा डाव असायचा रोज, वन्संचा आणि माझा. डोळे गेले तशा लहान सोंगट्या त्यांना सापडेनात. हात फिरवायच्या पटावर आणि सगळा डाव सांडायच्या, आणि मग म्हणायच्या, "मला कंटाळा आलाय खेळायचा." कंटाळा कसला! मग मी ही टोपणं काढली. मोठी, मुठीत येतात. त्यांच्यासाठी काहींना दोरी ठेवली, माझ्यांची कापली, म्हणजे हाताला कळावं कुणाची कुठली. खेळायला लागल्या पुन्हा. मी चोरायची एखादी, तर त्या म्हणायच्या, "तुझ्या पदराला गॅसचा वास येतोय, काढ माझी सोंगटी." असं नाक!

टोपण असतं तर एवढं सुटलं नसतं, म्हणतोस.

बरं.

नेतोस ना रे सगळ्या बाहेर? अंगणात ठेव, मोकळ्या हवेत, पण बाकापासून लांब ठेव. उभ्या ठेव. अलगद उचल, आपटू नकोस. शिंप्याला मी हाक मारते खिडकीतून, आपापल्या टाक्या घेऊन जा म्हणावं — आणि घरात कोंडायची नाही म्हणावं, तूच सांग, माझं कोण ऐकतं. ... काय विचारलंस? कोठीच्या त्या भिंतीपलीकडे? पलीकडे वन्सं झोपतात. पलंगावर नाही रे, जमिनीवर गादी घालून, कंबरेमुळे. पलंग माझा, मी वर. हो, भिंतीला खाली भेग आहे, बोट जाईल एवढी. गिलावा करायचा राहून गेला. ... डासांना काय लावते? उदबत्ती, डासांची. संध्याकाळी. त्यांच्या उशाशी, जमिनीवर. काडी ओढायची आणि—

थांब जरा. बसू दे मला.

इतके दिवस ती रोज विझलेली असायची रे. मी लावून वळले की ह्या हाताने चिमटायच्या. बोटं भाजलीत त्यांची, मी बघितली, म्हटलं भांड्याला लागलं असेल. मी पुन्हा लावायची, त्या पुन्हा चिमटायच्या. मी म्हणायची, "वन्सं, डास फाडून खातील तुम्हाला." त्या म्हणायच्या, "खाऊ देत." मी त्यावर हसले. पुन्हा काडी ओढली, मुद्दाम, त्यांच्या कानाशी, चर्र करून. खोडी म्हणून.

पाणी नको. नको म्हटलं ना. 

येत नाही वास मला. झालं समाधान? गेल्या वर्षी ताप आला, त्यात नाकच गेलं. सुगंध नाही, दुर्गंध नाही, काही नाही. दूध नासलं तरी सारखंच, करपलं तरी सारखंच. कुणाला सांगितलं नाही. सांगून करायचं काय? वन्संचे डोळे गेले तेव्हा सगळ्यांनी त्यांना कसं उचलून कोपऱ्यात ठेवलं ते मी बघितलंय — विळी काढून घेतली, काडेपेटी काढून घेतली. म्हटलं, माझं कुणी काही काढून घ्यायला नको. आणि नाक काय, दिसतंय ना जागेवर! चष्मा टेकायला पुरतं. वन्सं म्हणाल्या वास येतोय, तर मी आपली म्हणायची, "मला कसा येत नाही? माझं नाक काय भाड्याने दिलंय?" खरंच दिलं होतं रे, आणि भाडेकरू परत करायला तयार नाही.

झाल्या सगळ्या बाहेर? ती गळकी लांब ठेवलीस? आता तू जा. नाही, वन्संना तू काही सांगायचं नाही. मघाशी मी पढवलेलं खोटंही नाही आणि आत सापडलेलं खरंही नाही. तुझं काम टाक्यांचं, ते झालं. भाची यायची वेळ झालीय. आणि असा दारात रेंगाळू नकोस — ह्या घरात आल्यापासून त्या बाईला मी "तुमचं खरं होतं" असं एकदाही म्हटलेलं नाही, पहिल्यांदा म्हणताना समोर पाहुणा नको मला. जा म्हटलं ना. फाटक ओढून घे.

... वन्सं. वन्सं, ती पिशवी जरा खाली ठेवा. अहो, तोंड इकडे करा ना — दिसत नाही ते ठाऊक आहे मला, तोंड तरी करा. बोटं बघू तुमची. बघू द्या. नाही, खोडी नाही काढत. खरंच नाही हो. ह्या खेपेला नाही.