मुंगीनं नेलेले अनुस्वार

(दुपारचे साडेतीन. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला नातीचा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला आजीचे मटार. मधे आजोबा.)

आजोबा: आधीच सांगून ठेवतो, यातलं एक अक्षर तुला खरं वाटणार नाही. मलाच वाटत नाही, आणि मी तर तिथे हजर होतो.

नात: आजोबा, आज मला खरंच खरं हवंय. पाच वाजता पाटी छापायला जाते.

आजी: कसली गं पाटी?

नात: आमच्या संग्रहालयातली. परवा जुन्या फ्लॉप्यांचं दालन उघडतंय. तुमच्या पाणीपुरवठा कचेरीतून दोनशे फ्लॉप्यांची पेटी आली, त्या सगळ्यांच्या मी इमेज काढल्या. म्हणजे फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल. चुका असतील तर चुकांसकट, कचरा असेल तर कचऱ्यासकट. आणि सत्तेचाळीस नंबरच्या इमेजमध्ये व्हायरस निघाला. जिवंत.

आजी: जिवंत कसा?

नात: चालवला की चालतो. जुन्या मशीनचं सोंग घेणारा एक प्रोग्राम असतो, त्यात सोडून बघितला. चारच्या ठोक्याला पडद्यावर एक मुंगी आली आणि एकेक अनुस्वार उचलून कोपऱ्यात घेऊन गेली.

आजी: अगं बाई. ती अजून आहे?

आजोबा: सदतीस वर्षं उपाशी, तरी चारला हजर. त्या कचेरीत एवढं वेळेवर दुसरं कुणी येत नव्हतं.

नात: तर ती मुंगी आम्ही लोकांना दाखवणार आहोत, बाहेर कुठेही न जोडलेल्या मशीनवर. शेजारी पाटी. त्यावर लिहायचंय, ही लागण कचेरीत आली कशी. कचेरीच्या नोंदवहीत त्याबद्दल एकच ओळ आहे.

आजी: वाचू नकोस, पाठ आहे मला. 'विषाणू नवीन टंकलेखिकेच्या फ्लॉपीतून आला.' बारा तारखेला मी रुजू झाले, चौदाला मुंगी निघाली. कचेरीत नवं काय, तर मी. महिन्याभरात ठपका ठेवला आणि दीड वर्ष तळघरात टपालावर बसवलं मला. फ्लॉपी कुठली माझ्याकडे? पर्समध्ये एक रुमाल आणि एक कंगवा.

नात: म्हणून तर आले. मला दुसरं काही मिळालं नाही, तर हीच ओळ पाटीवर जाईल आणि शाळेची पोरं रांगेनं वाचतील.

आजोबा: मग टाक माझं नाव. मुंगी मी आणली.

नात: कुठून?

आजोबा: छापखान्यातून. मी तेव्हा गावातला एकटा कॉम्प्युटर-मिस्त्री. माझी दुरुस्तीच्या हत्यारांची फ्लॉपी शर्टाच्या खिशात, डॉक्टरच्या नळीसारखी. छापखान्याच्या मशीनमध्ये मुंग्या इतक्या, इतक्या, की मालकानं टेबलाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या.

नात: आजोबा.

आजोबा: बरं, दोन पायांखाली. त्यातली एक मुंगी मी निवडली. चपळ, गोड खाणारी. फ्लॉपीत घातली आणि कचेरीत आणून सोडली.

आजी: आणि मग आम्ही भोगलं. चार वाजले की एकेक टिंब पडद्यावरून चालायला लागायचं. पंप बंदचा पप बद. मी छापील कागदांवर लाल शाईनं टिंबं देत बसायची. अजून वर्तमानपत्रात टिंब राहिलं की माझा हात शिवशिवतो.

आजोबा: त्या हेडक्लार्कचा रजेचा अर्ज आठवतो? कंबर धरली होती बिचाऱ्याची. अर्ज गेला, 'कबर दुखत असल्याने दोन दिवस रजा मिळावी.' साहेबांनी कायमची मंजूर केली.

आजी: दोन दिवसांचीच केली हो. पण सही करण्याआधी साहेबांनी अर्ज तीनदा वाचला, हे मी पाहिलं.

आजोबा: आणि तो हत्ती.

नात: हत्ती कुठून आला आता?

आजोबा: मुख्य नळातून. नळाला आतून गंज चढला होता. आम्ही वरच्या कचेरीला पत्र पाठवलं. मुंगीनं टिंब नेलं आणि पत्र गेलं, 'मुख्य नळात गज आढळला आहे. त्वरित काढावा.' तिकडून चार माणसं आली, दोरखंड, ऊस आणि एक माहूत घेऊन. माहूत नळाला कान लावून तासभर गोड गोड बोलत होता.

नात: हे मात्र अति झालं हं. हा हत्ती मी पाटीवर... थांबा.

आजी: काय झालं?

नात: हे पत्र इमेजमध्ये आहे. 'मुख्य नळात गज आढळला आहे.' आणि खाली वरच्या कचेरीचं उत्तर कुणीतरी टाइप करून ठेवलंय. 'गज लोखडी की सोडेचा, ते कळवावे.'

आजी: मीच टाइप केलं ते. लोखंडी आणि सोंडेचा असं स्वच्छ टाइप केलं होतं. माहूत वगैरे कुणी आलं नाही, एक इन्स्पेक्टर आला सायकलवरून.

आजोबा: ऊस होता त्याच्याकडे.

आजी: स्वतःसाठी होता.

आजोबा: ठमे, तू आता माझ्यावर विश्वास ठेवायच्या बेतात आहेस, म्हणून पुरावाच दाखवतो. मुंगीनं नेलेली टिंबं जायची कुठे? पडद्याच्या कोपऱ्यात ढीग व्हायचा. एकदा मी मॉनिटर तिरका करून हलवला, तर मागच्या जाळीतून भुरभुर बाहेर. ही बघ, काडेपेटीत जपून ठेवलीत.

नात: ही मोहरी आहे.

आजोबा: जुनी झाली की तशी दिसतात.

आजी: माझ्या डब्यातली आहे, आणि कालच कमी झाली.

नात: आजोबा, हत्ती राहू दे, मोहरी राहू दे. एकच सांगा. मुंगी तुमच्या फ्लॉपीतून गेली, हे मला पटतंय, कारण सत्तेचाळीस नंबर तुमचीच फ्लॉपी आहे. कचेरीत राहून गेलेली. लेबलावर अक्षर तुमचं. पण तुम्ही ती मुद्दाम आणलीत?

आजोबा: मुद्दाम.

नात: चांगलं चालणारं मशीन कुठला मिस्त्री बिघडवेल?

आजोबा: ते तुझ्या आजीला विचार. ती लाजणार नसेल तर.

आजी: आता या वयात कसली लाजतेय. तळघरात एक दिवस हे येऊन बसले, आणि म्हणाले, मुंगी मीच सोडली. मशीन बिघडलं की मला बोलावणं येतं, आणि बोलावणं आलं की तुम्ही दिसता.

नात: आजी, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.

आजी: तुला नाही, पण माझ्या चारही बहिणींना सांगून झालंय. प्रत्येकीला दोनदा. त्यांच्या नवऱ्यांनी त्यांच्यासाठी साधा पंखा बिघडवला नाही कधी. मोठीला अजून पटत नाही, पण जळते हे नक्की.

नात: आणि तुला राग नाही आला? तुला तळघरात बसवलं तेव्हा हे गप्प होते.

आजी: आला ना. आठ दिवस बोलले नाही. मग वाटलं, आपल्यासाठी इतका मूर्खपणा परत कोण करणार.

आजोबा: आणि तळघरात रोज मशीन तपासायला कोण यायचं? तिथे मशीन नव्हतं, तरी.

नात: हं. पण मला एक खटकतंय. हा फोटो बघा. इमेज काढायच्या आधी आम्ही प्रत्येक फ्लॉपीचा फोटो घेतो. लेबलावर तुम्ही लिहिलंय, 'स्वच्छ. खिडकी बंद केली आहे. आता आत काही शिरणार नाही.'

आजी: कसली खिडकी?

नात: फ्लॉपीच्या कोपऱ्यात इवलीशी सरकती खिडकी असते. तिच्या आधीच्या मोठ्या फ्लॉपीला कडेला खाच असायची. खाचेवर कागदाची चिठ्ठी चिकटवली, की फ्लॉपीवर काही लिहिलं जायचं नाही. झाकलं की सुरक्षित. छोट्या फ्लॉपीचं नेमकं उलटं. खिडकी उघडी असली तर ती सुरक्षित. बंद केली, की कुणीही यावं, काहीही लिहावं. व्हायरसनंसुद्धा.

आजी: म्हणजे यांनी खिडकी लावून घेतली आणि मुंगीला दार उघडलं.

नात: तसंच झालं ना? तोवर नेहमी मोठ्या फ्लॉपीला चिठ्ठ्या चिकटवलेल्या. नवी फ्लॉपी आली, सवयीनं हिचीही खिडकी बंद केली, निर्धास्त मनानं छापखान्याच्या मशीनमध्ये घातली, आणि मुंगी बसली हिच्यात.

आजोबा: ठमे, मला काय ते उलटं-सुलटं माहीत नव्हतं? म्हणून तर बंद केली. मुंगीला यायला वाट हवी ना.

नात: मग 'आता आत काही शिरणार नाही' कशाला लिहिलं?

आजोबा: साहेबांना गाफील ठेवायला.

नात: आणि 'स्वच्छ'च्या खाली दोन रेघा?

आजोबा: जास्त गाफील ठेवायला.

आजी: पुरे गं, किती उलटतपासणी. सदतीस वर्षांत मी इतके प्रश्न विचारले नाहीत. मुद्दाम म्हणतायत ना, मुद्दाम लिही. माझं नाव सुटल्याशी कारण. आणि पाटी वाचायला मी मोठीला घेऊन येणार आहे.

नात: बरं. लिहिते. 'ही लागण टंकलेखिकेच्या फ्लॉपीतून आलेली नाही. ती दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीनं मुद्दाम...' पुढे काय लिहू?

आजोबा: 'प्रेमापोटी.'

नात: '...प्रेमापोटी कचेरीत आणली.' आमचे क्युरेटर चक्कर येऊन पडणार आहेत.

आजोबा: त्यांना म्हणावं, सोबत काडेपेटीही ठेवा काचेत.

नात: आता फक्त तारीख राहिली. लागण झाल्याची.

आजी: चौदा. सांगितलं ना मघाशी, बाराला मी रुजू झाले, चौदाला मुंगी निघाली.

नात: निघाली चौदाला गं. पण ही मुंगी मशीनमध्ये शिरली की आधी दहा दिवस झोपते, मगच चालायला लागते. तिच्या प्रोग्राममध्ये तसंच लिहिलंय. म्हणजे चौदातून दहा गेले. आणि लेबलावर आजोबांच्या अक्षरात तारीखही तीच आहे. चार.

आजोबा: चहा टाकू का गं कुणाला?

आजी: बसा तिथेच. किती तारीख म्हणालीस?

नात: चार. महिना तोच.

आजोबा: माझा चार आणि चौदा सारखाच दिसतो. एक थोडा पुसट असतो.

आजी: ठमे, तो फोटो मोठा कर. अजून कर.

नात: स्वच्छ चार आहे, आजी.

आजी: 'मुद्दाम' खोड, आणि त्या जागी 'चुकून' लिही. चार तारखेला यांनी मला पाहिलंसुद्धा नव्हतं.