हलका जोर

दवाखान्याच्या बाकावर सुतारकाकांनी पेपर उघडला, पण वाचन काही होईना. अर्धांगवायूच्या झटक्याने उजवा हात लुळा पडलेल्या शिवणवाल्या बाई चुंबकाच्या खोलीतून शेजारी येऊन बसल्या होत्या. त्यांची पर्स सांभाळत बसलेल्या नवऱ्याने विचारलं,

“हलला अंगठा?”

“हात सैल होता तेव्हा डोक्यावर त्या चुंबकाचे दोन ठोके दिले. अंगठा ढिम्म.”

“मग?”

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोक्याच्या वेळी चिमटीत हलका जोर लावा. म्हटलं, लावता आला असता तर इथं कशाला आले असते?”

“त्यांनाही ऐकवलंस?”

“म्हणाल्या, नुसतं दाबायला बघा. स्नायू जरा जागा असला की डोक्यातला निरोप पोचतो. म्हणून तुमचा कान पिरगाळायला घेतला, मनातल्या मनात.”

“आणि?”

“अंगठा उडाला टुणकन. तीनदा.”

“म्हणजे शिलाई मशीन विकायचं नाही.”

“विकायचं कोण म्हणालं होतं?”

“तूच. काल.”

“अहो, रडताय काय?”

“हात आण इकडे. हा घे खराखुरा कान. दाब.”

“लोक बघताहेत.”

काकांनी पेपर आणखी वर धरला.

“लागतंय?”

“लागतंय.”

“खोटं बोलताय.”

“थोडंसं.”