पाय कुणाचा, पेट्रोल कुणाचं

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक नवराबायको बसले होते. मेकॅनिकबाई लॅपटॉप घेऊन बाहेर आल्या.

"सांगा हिला, ताई. ही पाय दाबून गाडी चालवते, म्हणून पेट्रोल जास्त जातं. मी किल्लीच काढून घेतलीय."

"पायाचा काही संबंध नाही, काका. धुराच्या पाइपावरचा तुमचा ऑक्सिजन सेन्सर सैल बसलाय. तिथून बाहेरची हवा शिरते, आणि कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय. तो बिचारा वीस टक्के जास्त सोडतोय. मी सायलेन्सरमध्ये माझा धूर तपासायचा सेन्सर घालून पाहिलं, तर धुरात नुसतं पेट्रोल! बसवला कुणी हा?"

"होता एक माणूस."

"हेच ते. मोबाइलवर बघून बसवला. मी टॉर्च धरला होता."

"तू टॉर्च हलवत होतीस!"

"आता घट्ट केलाय. एक चक्कर मारून आकडे बघू. मी लॅपटॉप घेऊन शेजारी बसते. चालवतंय कोण?"

"मी. आणा हो किल्ली."

"मग मी मागे बसतो."

"मागे माझं सामान आहे, काका."

गाडी फाटकातून झोकात बाहेर पडली. काका माझ्याकडे वळले.

"तुमच्या गाडीला काय झालंय? बघू का मी?"